अवधूताचे जलगुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या सप्ताहात निरूपणास बसण्याचा मान आजवर वडीलधाऱ्यांचा. यंदा अण्णांचा घसा बसला आणि त्यांनी शेवटच्या दिवसाची सेवा माझ्यावर सोपविली. माझे शिक्षण शाळेपुरतेच झालेले. संस्कृत आले ते गाभाऱ्यात अण्णांच्या मागे उभे राहून जेवढे कानी पडले तेवढेच. त्यामुळे शास्त्रार्थ सांगण्याचा आव मी आणला नाही. एका प्रश्नाने मला सहा महिने अस्वस्थ केले होते. तो प्रश्न आणि मला गवसलेले त्याचे उत्तर मी श्रोत्यांपुढे ठेवले. चालकमंडळींनी ते आपल्या पत्रिकेसाठी लिहून मागितले, म्हणून हे चार शब्द.

प्रश्न असा. गेल्या वैशाखात गाणगापुरास गेलो असता परत येताना संगमाचे पाणी दोन कॅन भरून आणले. पौर्णिमेच्या अभिषेकास भीमा-अमरजा संगमाचे जल वापरावे अशी आपल्या मंदिराची वहिवाट आहे, हे आपण जाणताच. त्या दिवसांत नदी वाहत नव्हती. जागोजाग डबकी साचली होती, काठाला भक्तांनी सोडलेली वस्त्रे व प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, आणि पाण्यावर हिरवट साय धरली होती. मी ती साय हाताने दूर सारली आणि पंचाने गाळून कॅन भरले. चौथ्या दिवशी झाकण काढले तो पाणी हिरवे पडलेले व त्यास दर्प सुटलेला. तरीही वहिवाट मोडू नये म्हणून त्याच जलाने अभिषेक झाला, आणि मी पळीने तीर्थ देऊ लागलो.

रांगेत एक वृद्ध काकू होत्या. त्यांचा नेम आमच्या जन्माच्या आधीपासूनचा. तळहातावरील तीर्थाचा थेंब त्यांनी कधी भुईवर पडू दिला नाही. त्यांच्या कडेवर नातू होता. काकूंनी हात पुढे केला, पळीतील पाण्याकडे पाहिले, आणि हलक्या आवाजात मला विचारले, "बाळ, हे उकळले आहेस का रे? याचे पोट कालपासून बिघडले आहे." मी निरुत्तर झालो. मागून कोणीतरी म्हणाले, "काकू, तीर्थाची शंका घेऊ नये." त्या ओशाळल्या. स्वतः तीर्थ घेतले, नातवाच्या ओठांना मात्र लावले नाही, आणि कोणाकडे न पाहता पायऱ्या उतरून गेल्या.

ज्या माउलीने आयुष्यभर तीर्थ शिरोधार्य मानले तिला माझ्या हातच्या पळीपुढे लाज वाटावी, हा अपराध कोणाचा? त्या रात्री मी अण्णांना विचारले, "काकूंनी शंका घेतली ती चूक की बरोबर?" अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिने तीर्थाची शंका घेतली नाही. आपल्या करणीची घेतली. तू एवढी वर्षे त्या पाण्याने देवाला न्हाऊ घालतोस, ते येते कोठून हे कधी पाहिलेस काय?"

पाहिले नव्हते. आपणांपैकी किती जणांनी पाहिले असेल, हेही विचारावेसे वाटते.

भीमा उगम पावते ती भीमाशंकराच्या डोंगरात, ज्योतिर्लिंगाच्या सान्निध्यात. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या आळंदीवरून आलेली इंद्रायणी तिला तुळापुरास भेटते. पुणे शहरातून आलेल्या मुळा-मुठा थोड्या खाली तिच्यात मिसळतात. दौंड मागे टाकल्यावर ती एका अफाट, पसरट जलाशयात विसावते. हा उजनीचा जलाशय. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० साली पुरे झाले. त्या भिंतीच्या पुढे निघालेले पाणी पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पूजिले जाते, तेथून कर्नाटकात शिरते आणि अफजलपूर तालुक्यात गाणगापुरास अमरजेला भेटते. पावसाळ्यात सीनेसारख्या उपनद्या तिला वाटेत भरती देतात. परंतु उन्हाळ्यात संगमावर पाणी असेल की नसेल, आणि असलेच तर कसे असेल, याचा पुष्कळसा निर्णय त्या वरच्या तळ्यात होतो. आपण तीर्थ संगमावर भरून घेतो. ते घडते मात्र तेथे.

आता या विषयाचा श्रीदत्तप्रभूंशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा एका आनंदमग्न अवधूतास विचारतो, की तुझा गुरू कोण. परंपरेने या अवधूतास आपण श्रीदत्तात्रेय मानतो. तो एका ऋषीचे वा आचार्याचे नाव सांगत नाही. चोवीस गुरू मोजून दाखवतो, आणि त्यांत पृथ्वी आहे, वायू आहे, मधमाशी आहे, कोळी आहे. श्रीएकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून ती काशीक्षेत्री १५७३ साली पूर्ण केली, म्हणून ही कथा आपल्या घराघरांत पोचली. या चोवीसांत चार गुरू मला या प्रसंगी विशेष आठवले, कारण चौघांचाही पाण्याशी संबंध आहे. जल, मीन, कुरर पक्षी आणि समुद्र. ज्यांना प्रभूंनी गुरू म्हटले त्यांची आज काय अवस्था आहे, हे पाहावे असे मनाने घेतले. कार्तिकी एकादशीस पंढरपुरास गेलो, आणि परत न फिरता तसाच पुढे इंदापूर तालुक्यात मावशीच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे भिगवणजवळच्या काठावरून एका कोळ्याच्या होडीत बसून तळ्यात शिरलो.

पहिला गुरू जल. अवधूत म्हणतो, की पाणी स्वभावतः निर्मळ, मृदू व मधुर असते, आणि दर्शनाने व स्पर्शाने इतरांस पवित्र करते. साधूने तसे व्हावे. होडीतून मी पाहिले ते पाणी काठाशी पुष्कळ ठिकाणी कंबरभरही खोल नव्हते. नावाडी वल्हे मारण्याऐवजी बांबू तळाला टेकवून होडी पुढे ढकलीत होता. मी म्हणालो, "एवढे मोठे धरण, आणि पाणी इतके उथळ?" तो हसला. "महाराज, भिंतीजवळ खोल आहे. इकडे मागच्या अंगाला सगळे पसरट. आणि खरे तळे ते हेच. खोल पाण्यात काय आहे? जे काही जगते ते इथे, उथळात जगते."

त्याचे बोलणे मी नंतर पडताळून पाहिले, आणि ते अक्षरशः खरे आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. त्यामुळे पाणवनस्पती व शेवाळ वाढते, त्यावर गोगलगायी, किड्यांच्या अळ्या व झिंगे वाढतात, आणि त्यांवर मासे व पक्षी. हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागते, तसा काठचा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात जणू अन्नछत्र उघडते. रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात, ते थव्यांनी येतात ते याच वेळी. त्यांची जन्मभूमी कच्छचे रण. लांब मान वाकवून, चोच उलटी पाण्यात धरून, गाळातून बारीक जीव गाळून खाणारा हा पक्षी. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही त्याच्या अन्नातूनच येतो. मी गेलो तेव्हा पावसाळ्याचे पाणी अजून भरलेले होते, म्हणून रोहित आलेले नव्हते. "अजून भुई उघडली नाही, मग ते कशाला येतील?" नावाडी म्हणाला. जे पाणी आपणांस उतरताना दिसते आणि काळजी वाटते, तेच उतरणारे पाणी या पाहुण्यांचे पान मांडीत असते. तळ्याला भरती हवी आणि ओहोटीही हवी. दोन्ही आपापल्या वेळी हवीत.

रोहित नसले तरी तळे सुने नव्हते. चक्रवाकाची जोडी दिसली. संस्कृत काव्यात ज्यांच्या रात्रीच्या विरहाची कथा आपण ऐकतो तेच हे केशरी अंगाचे पक्षी, हिमालयाकडून हिवाळ्यापुरते उतरलेले. तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालून, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही थंडी वाढली की येथे उतरतात. शेकाट्या, चमचे, चित्रबलाक, सुरय, नावाडी एकेकाचे नाव सांगत होता. एका बदकाकडे बोट करून म्हणाला, "ही हळदीकुंकू." पाहतो तो त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका. पुढे पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा तरंगत होता, प्रत्येकाच्या कपाळी पांढरा टिळा. "आणि हे कोण?" मी विचारले. "हे वारकरी," तो म्हणाला. "काही लोक चांदवा म्हणतात. आम्ही वारकरीच म्हणतो."

बंधुभगिनींनो, आदल्याच दिवशी मी चंद्रभागेच्या वाळवंटी वारकऱ्यांच्या गर्दीत उभा होतो. आमच्या पूर्वजांनी पाण्यावरच्या पाखरालाही वारकरी म्हणावे, हळदीकुंकू म्हणावे, यावरून त्यांची दृष्टी कशी होती ते समजते. त्यांनी तळ्याला देवळाबाहेर ठेवले नव्हते. तळे देवळाच्या आवारातच मानले होते.

परंतु जलगुरूचे हे रूप पाहून मी सुखावलो असे सांगितले तर ते खोटे होईल. होडी जशी वरच्या अंगाला गेली, तसा तोच दर्प आला जो माझ्या कॅनमधून आला होता. पाणी हिरवे आणि दाट. काही ठिकाणी जलपर्णीचे गालिचे पसरलेले. पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी, त्यांतले पुष्कळसे पुरेसे शुद्ध न होता, आणि कारखान्यांचे पाणी मुळा-मुठेतून, पवना-इंद्रायणीतून भीमेत उतरते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवर फेस तरंगताना आपणांपैकी कित्येकांनी पाहिला असेल. काठच्या शेतांतून खते वाहून येतात. वाहत्या नदीत जी घाण पुढे जाते, ती पसरट तळ्यात थांबते. मैला व खते म्हणजे शेवाळास खुराक. उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात ते बेसुमार माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते खरे, पण रात्री स्वतःच तो शोषून घेते, आणि मेल्यावर कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते. म्हणून अशा तळ्यातले मासे पहाटेच्या सुमारास पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तर पाण्यात विष सोडतात, आणि ते विष उकळल्याने जात नाही. काकूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले. उकळल्याने रोगजंतू मरतात. विष आणि रसायन मरत नाही.

दुसरा गुरू मीन. अवधूताने त्याच्यापासून धडा घेतला तो उलट अंगाने. जिभेच्या लोभाने मासा गळाला लागतो, म्हणून साधकाने रसना जिंकावी. तळ्यावर मला वाटले, की हा दृष्टांत आज माशास लावणे अन्याय आहे. गळ माशाच्या तोंडात आहे, पण लोभ आपल्या जिभेचा आहे.

नावाडी मूळचा मासेमारी करणाराच. तो म्हणाला, की त्याचे वडील वाम, मरळ असे गावठी मासे आणीत. आता जाळ्यात बहुतेक चिलापी येते. ही परदेशी जात घाण पाण्यातही तग धरते आणि झपाट्याने वाढते. मांगुराची एक आफ्रिकी जात तर इतर माशांची पिल्ले खाऊन टाकते, म्हणून ती पाळण्यावर आपल्या देशात बंदी आहे, तरी लोभापायी ती पाण्यात येतेच. शिवाय काही जण इतक्या बारीक आसाची जाळी ओढतात, की बोटाएवढी पिल्लेही सुटत नाहीत. "आज पिल्लू विकले, तर उद्या मासा कोठून येईल? पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो उद्याचा विचार करीत नाही, महाराज." तो आपल्याच भाऊबंदांविषयी बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात निंदा नव्हती, दुःख होते.

पण रसनेचा याहून मोठा गळ आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या घशात अडकलेला आहे. तो म्हणजे साखर. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात उसाचे मळे पसरले आणि कारखान्यांची दाटी झाली. इकडे आमच्या अफजलपूर भागातही भीमेकाठी ऊसच दिसतो. ऊस बारमाही पाणी पितो. शेतकऱ्यास मी दोष देत नाही. ज्या पिकाचा पैसा हमखास मिळतो ते तो घेणारच. परंतु नदीला उन्हाळ्यात थेंब उरत नाही याचे आश्चर्य करीत आपण पेढ्यांचा प्रसाद वाटतो, तेव्हा मीनगुरू आपल्याकडे पाहून काय म्हणत असेल?

तिसरा गुरू कुरर. आपल्या मराठी कथेत त्यास बहुधा टिटवी म्हणतात. चोचीत मासा घेऊन ती उडाली, तो कावळे व घारी तिच्यामागे लागल्या. तिने मासा टाकून दिला आणि ती सुखी झाली, कारण सगळे माशामागे गेले. टिटवी मासे पकडीत नाही, म्हणून पुष्कळ जाणकार कुरर म्हणजे मीनखाई घार असे मानतात. ही घार हिवाळ्यात आपल्याकडील मोठ्या जलाशयांवर येते आणि पायांनी पाण्यात सूर मारून मासा उचलते.

त्या सकाळी मी ही कथा डोळ्यांनी पाहिली. मीनखाई घारीने झेप घेतली आणि नखांत मासा धरून ती वर उठली. लगेच दोन घारी तिच्यावर तुटून पडल्या. तिने दोन घिरट्या घातल्या, मग मासा सोडला. तो पाण्यात पडण्याच्या आत एकीने झेलला, आणि दुसरी तिच्यामागे लागली. पहिली शांतपणे एका वठलेल्या झाडावर जाऊन बसली. पाच हजार वर्षे जुना म्हणा, दोन हजार म्हणा, जो दृष्टांत आपण पोथीत वाचतो तो त्या तळ्यावर अजून रोज घडतो आहे. ते तळे गेले तर पोथीतील तो पानाचा तुकडा निर्जीव होईल. आपली मुले विचारतील, कुरर म्हणजे काय, आणि आपणांस दाखविता येणार नाही.

कुररापासून सोडणे शिकावयाचे. पण या तळ्यासाठी ज्यांनी खरोखर सर्वस्व सोडले त्यांचे स्मरण आपण करतो काय? धरणाच्या पाण्याखाली अनेक गावे गेली. शेते गेली, घरे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने हेमाडपंती शिवालय जलाशयात आहे. दुष्काळी वर्षी पाणी फार उतरले की त्याचे शिखर, मग मंडप वर येतो, आणि लोक चिखल तुडवीत दर्शनास जातात. ज्या पाण्यासाठी महादेवाने आपले देऊळ दिले, शेतकऱ्याने आपली भुई दिली, त्या पाण्यात नगरांनी मैला सोडावा आणि आपण प्लॅस्टिक सोडावे! सोडणे दोन्हीकडे आहे, पण एकात त्याग आहे आणि दुसऱ्यात टाकाऊपणा.

चौथा गुरू समुद्र. वर्षाकाळी नद्या भरभरून आल्या तरी तो मर्यादा ओलांडीत नाही, ग्रीष्मात त्या आटल्या तरी तो आटत नाही. साधूने लाभात फुगू नये, हानीत खचू नये. तळे मात्र समुद्र नव्हे. ते फुगते आणि आटते, आणि त्याच्याबरोबर आपली मनेही. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी होऊन वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठ पुराखाली गेला आणि वरच्या लोकांनी पाणी का सोडले म्हणून आपण रागावलो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, इकडे भीमा कोरडी पडली, आणि ते पाणी का सोडीत नाहीत म्हणून आपण रागावलो. दोन्ही वेळचे आपले कष्ट खरे होते. पण दोन्ही वेळी आपण पाण्यास फक्त आकडा समजलो.

तो आकडाही पाहण्यासारखा आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील सुमारे ५३ अब्ज घनफूट 'उपयुक्त', आणि उरलेल्या सुमारे ६४ अब्ज घनफुटांस सरकारी भाषेत 'मृत साठा' म्हणतात, कारण तो धरणाच्या दारांतून आपोआप बाहेर येत नाही. साठा उणे झाला असे आपण वाचतो तेव्हा या मृत साठ्यालाच हात लागलेला असतो. विचार करा. कडक वैशाखात मासे ज्या पाण्यात जगतात, पाणपक्षी ज्याच्या काठी चरतात, तळ्याचा जीव ज्यात तग धरून राहतो, ते हेच पाणी. आपल्या हिशेबी मृत, आणि हजारो जीवांचे तेच जीवन. माणसाच्या तहानेपुढे ते उपसावेच लागते, हे मी नाकारीत नाही. लेकराच्या घोटापेक्षा पाखराचा घोट मोठा असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. परंतु तहानेसाठी उपसणे निराळे आणि उधळपट्टीनंतर उपसणे निराळे. समुद्रगुरू एवढेच सांगतो, की मर्यादा वर्षाकाळीच पाळावी. ग्रीष्मात पाळण्यास काही उरत नाही.

असो. आता उत्तराकडे वळतो. घरी आल्यावर मी अण्णांना सर्व सांगितले. भीतभीत म्हणालो, की संगमाचे पाणी प्राशनास देऊ नये. वहिवाट मोडल्याचा दोष लागेल काय? अण्णा म्हणाले, "दोष लागलाच आहे. तो मोडल्याने नव्हे, न पाहता चालविल्याने. भीमा माता आहे, यात मला तिळमात्र संशय नाही. पण आई आजारी असता तिचे दूध लेकरास पाजीत नाहीत. तिला औषध देतात."

माझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते माझे नव्हे, अण्णांचे आहे. काकूंची शंका अश्रद्धा नव्हती. आजारी आईकडे पाहून व्याकूळ होणारी ती श्रद्धाच होती. ज्याने त्यांना गप्प केले त्यानेही वाईट हेतूने केले नाही. पण तीर्थाची शंका घेऊ नये असे म्हणून नदीची चौकशीच बंद करणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. मी स्वतः या आळसाचा धनी आहे. लहानपणापासून मंदिराचे निर्माल्य पिशवीत बांधून तलावात सोडण्याचे काम माझेच होते. पिशवी बुडाली की सेवा झाली असे मी समजत असे. पुण्याच्या नाल्यांकडे बोट दाखविण्याआधी ती पिशवी मला आठवते.

म्हणून अण्णांच्या संमतीने काही गोष्टी आपणांपुढे ठेवतो. यापुढे प्राशनाचे तीर्थ शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्याचे, तुळस घालून दिले जाईल. संगमाचे जल श्रींच्या चरणी वाहिले जाईल, आणि पुढे ते झाडांस घातले जाईल. निर्माल्य आवारातील खड्ड्यात कुजवून त्याचे खत होईल. हार आणताना दोरा सुती असावा आणि प्लॅस्टिकची सजावट नसावी, एवढी कृपा मंडळींनी करावी. गाणगापुरास जाल तेव्हा संगमावर वस्त्र सोडू नका. ते एखाद्या गरजूस द्या, दान अधिक फळेल. साबण नदीत नको. गणपती शाडूचा आणावा व त्याचे विसर्जन घरच्या बादलीत करून ती माती कुंडीत घालावी. ज्यांची भीमेकाठी शेती आहे त्यांनी उसास ठिबकने पाणी द्यावे, खत मातीची तपासणी करून मोजून द्यावे. जो जास्तीचा दाणा आपण शेतात टाकतो तोच शेवाळाच्या ताटात पडतो. सांडपाणी शुद्ध करणे हे मोठ्या नगरांचे व शासनाचे काम आहे. त्यासाठी दोन्ही राज्यांतील भाविकांनी एका सुरात मागणी करावी. पाणी किती सोडता एवढेच न विचारता, कसे सोडता हेही विचारावे. पंढरपूरचा वारकरी आणि गाणगापूरचा दत्तभक्त एकच पाणी डोळ्यांस लावतात. त्यांचे भांडण कसले?

आणखी एक विनंती. वर्षातून एकदा मुलांना घेऊन एखाद्या तळ्याकाठी जा. उजनी लांब पडेल. आपल्या गावाशेजारीही तळे असते. सकाळी लवकर जा, आवाज करू नका, आणि त्यांना हळदीकुंकू दाखवा, वारकरी दाखवा, पाण्यावर झेपावणारी घार दिसली तर दाखवा. त्यांना सांगा, की हे आपल्या दत्तगुरूंचे गुरू आहेत. गुरूंच्या गुरूला आपण काय म्हणतो ते मुलांना ठाऊक आहे. त्याच्या घरात कोणी कचरा टाकीत नाही, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

निरूपण संपल्यावर तीर्थ देताना काकू पुन्हा रांगेत होत्या, नातू त्यांच्या बोटाला धरून उभा होता. मी पळी भरली. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, "काकू, विहिरीचे आहे, गाळून उकळलेले." त्यांनी आधी नातवाचा तळहात पुढे केला, मग आपला. काही बोलल्या नाहीत. पण जाताना थांबून म्हणाल्या, "भीमेचे कधी देशील रे पुन्हा?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे. काकूंच्या हयातीत ते देता यावे, आणि त्यांच्या नातवाने संगमावर ओंजळ भरून निःशंकपणे ती ओठांस लावावी, हीच श्रीदत्तचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥